'चूक' की 'दोष'? : 'हॅमर्शिया' या संज्ञेचा मराठी अर्थविचार

प्रस्तावना

पाश्चात्त्य साहित्यशास्त्राचे अध्यापन करताना ॲरिस्टॉटलच्या 'पोएटिक्स'मधील ज्या संज्ञांचा परामर्श घ्यावाच लागतो, त्यांत 'मायमेसिस', 'कॅथार्सिस' आणि 'हॅमर्शिया' या तीन प्रमुख होत. पहिल्या दोन संज्ञांसाठी 'अनुकृती' व 'विरेचन' हे पर्याय मराठीत बऱ्याच अंशी स्थिरावले आहेत. 'हॅमर्शिया'च्या बाबतीत मात्र प्रमाद, दोष, स्वभावदोष, उणीव, स्खलन, चूक असे अनेक शब्द योजले जातात आणि ते जणू समानार्थी आहेत अशा समजुतीने एकाच्या जागी दुसरा वापरला जातो. गो. वि. करंदीकर यांच्या 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' (१९५७) या ग्रंथामुळे मूळ विवेचन मराठी वाचकाला उपलब्ध झाले, त्याला आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. तरीही या एका संज्ञेचा मराठी अर्थ पुन्हा तपासून पाहण्याची आवश्यकता आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ही आवश्यकता केवळ परिभाषेच्या काटेकोरपणापुरती नाही. नायकाच्या हातून जे घडले त्याला आपण कोणते नाव देतो, यावर त्याच्याविषयीचा आपला निवाडा अवलंबून असतो. 'दोष' म्हटले की तो माणसात शोधावा लागतो, 'पाप' म्हटले की प्रायश्चित्त आले, 'गुन्हा' म्हटले की शिक्षा आली. शब्द निवडताच समीक्षेचा अर्धा निकाल लागून गेलेला असतो. म्हणून 'हॅमर्शिया'साठी मराठीतील कोणता शब्द अधिक न्याय्य आहे, आणि तो स्वीकारल्यास आपल्या परिचित शोकात्म नाटकांच्या वाचनात काय फरक पडतो, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचारासाठी मुंबईतील गिरगाव हा परिसर सोयीचा आहे. गिरगावातील खोताची वाडी ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी वस्ती. वाडीच्या तोंडाजवळ सेंट तेरेसा चर्च आहे आणि तेथून पायी काही मिनिटांच्या अंतरावर, केळेवाडीत, मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह आहे. एकाच ग्रीक शब्दाचे दोन वंशज या दोन वास्तूंत वावरतात. चर्चमध्ये तो पापनिवेदनाच्या भाषेत येतो, नाट्यगृहात शोकात्मिकेच्या चर्चेत येतो. या दोन अर्थांची वाट मुळात एकच होती, आणि ती कोठे फुटली हे पाहिल्याशिवाय मराठी पर्यायाचा निर्णय करता येत नाही.

व्युत्पत्तिविचारातील एक सावधगिरी

व्युत्पत्तीच्या आधारे अर्थ ठरविताना ध्वनिसाम्याचा मोह टाळावा लागतो. 'खोताची वाडी' हेच नाव घेतले तर मराठीशी फारसा परिचय नसलेल्या श्रोत्याला त्यात 'खोट' किंवा 'खोटे' हा शब्द ऐकू येणे अशक्य नाही. 'खोट' म्हणजे उणीव, तूट, धातूतील हीण. 'खोटे नाणे' या प्रयोगात हा अर्थ स्पष्ट आहे. परंतु वाडीच्या नावातील 'खोत' हा महसूल गोळा करणारा वतनदार होय. वाडीचे नाव दादोबा वामन खोत यांच्यावरून पडले असे सांगितले जाते. कोकणात रूढ असलेली खोती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. नाव मात्र राहिले. 'खोत' आणि 'खोट' यांत एका व्यंजनाचेच अंतर आहे, पण अर्थांचा परस्परांशी संबंध नाही. म्हणून पुढील विवेचनात केवळ उच्चारातील साम्यावर भिस्त न ठेवता, त्या त्या शब्दाचा भाषेतील प्रत्यक्ष प्रयोग काय आहे यालाच प्रमाण मानले आहे.

ग्रीक शब्दाचे दोन प्रवास

'हॅमर्शिया' हे नाम ज्या ग्रीक क्रियापदापासून आले त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे, लक्ष्याचा वेध न घेता येणे असा आहे. होमरच्या 'इलियड'मध्ये भाला शत्रूला न लागता जातो तेव्हा हेच क्रियापद योजले आहे. येथे नैतिकतेचा प्रश्न नाही. योद्ध्याने नेम धरला होता, हात उचलला होता, इच्छा होती. फक्त भाला लागला नाही.

ॲरिस्टॉटलच्या काळी या शब्दाचा अर्थविस्तार झालेला होता, पण नेमबाजीचे मूळ चित्र पुसले गेले नव्हते. आपल्या नीतिशास्त्रविषयक ग्रंथात सद्गुणाची चर्चा करताना त्याने असे प्रतिपादन केले आहे की, चुकण्याचे प्रकार अनेक असतात, बरोबर असण्याचा प्रकार एकच. लक्ष्य चुकणे सोपे आणि वेधणे अवघड. त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात त्याने माणसाकडून होणाऱ्या अपायांची वर्गवारी केली आहे. जे कोणालाही अपेक्षित नसते ते दुर्दैव. ज्याची कल्पना करता आली असती, पण जे दुष्ट हेतूने केलेले नसते, ती चूक. आणि जे जाणूनबुजून केलेले असते ते अन्याय्य कृत्य. 'चूक' ही कोटी येथे दुर्दैव आणि अपराध यांच्या मधोमध उभी आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

'पोएटिक्स'च्या तेराव्या प्रकरणातील विवेचन याच्याशी सुसंगत आहे. शोकात्मिकेचा नायक सर्वथा सद्गुणी नसावा आणि दुष्टही नसावा. तो आपल्यासारखा, किंबहुना आपल्याहून थोडा बरा असावा. आणि त्याचा अधःपात दुष्टपणामुळे न होता 'कोणत्या तरी हॅमर्शिया'मुळे व्हावा, असे ॲरिस्टॉटल सांगतो. उदाहरण म्हणून तो ईडिपसचे नाव घेतो. ईडिपस तापट होता हे खरे. पण त्याचा नाश तापटपणामुळे झाला असे म्हणता येत नाही. तिठ्यावर भेटलेला वृद्ध आपला पिता आहे आणि थीब्जची राणी आपली माता आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याचा नेम माणसे ओळखण्यात चुकला.

इंग्रजी समीक्षेत, विशेषतः अध्यापनाच्या परंपरेत, या संज्ञेला नायकाच्या 'शोकात्म दोषा'चे रूप आले. शेक्सपिअरच्या नायकांच्या स्वभावातील एखाद्या अतिरेकी प्रवृत्तीचा शोध घेण्याची जी पद्धत रूढ झाली, तिची छाया ॲरिस्टॉटलवरही पडली. ई. आर. डॉड्स यांनी १९६६ मध्ये 'ईडिपस'च्या प्रचलित गैरवाचनांवर लिहिताना या समजुतीला स्पष्ट विरोध केला. पुढे जे. एम. ब्रेमर (१९६९) यांनी या संज्ञेचा सविस्तर शोध घेऊन कृतीतील चूक हाच अर्थ पुढे ठेवला. टी. सी. डब्ल्यू. स्टिंटन (१९७५) यांनी मात्र हा शब्द केवळ अज्ञानापुरता मर्यादित नसून त्याचा पल्ला काही अंशी दूषणास्पद अशा चुकांपर्यंत जातो, हे दाखविले. म्हणजे अभ्यासकांत मतभेद असला तरी तो चुकीच्या व्याप्तीविषयी आहे. दुष्टपणा हा तिचा अर्थ नव्हे, याविषयी दुमत नाही.

या शब्दाचा दुसरा प्रवास धर्मग्रंथांतून झाला. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले, तेव्हा ज्या हिब्रू शब्दासाठी भाषांतरकारांनी 'हॅमर्शिया'ची योजना केली, त्याचा मूळ अर्थही चुकणे असाच आहे. 'शास्ते' या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात बन्यामीन वंशातील सातशे डावखुऱ्या गोफणकऱ्यांचे वर्णन आहे. केसाएवढ्या लक्ष्यावरही त्यांचा नेम चुकत नसे. येथील 'चुकणे' आणि इतरत्र येणारे 'पाप करणे' ही हिब्रूत एकाच धातूची रूपे आहेत. त्याच्याशी सगोत्र असलेला अरबी शब्द 'खता' या रूपाने आपल्याकडे आला. उर्दूत निशाणा चुकणे आणि कसूर होणे या दोन्ही अर्थी तो वापरला जातो. मराठीत 'खता खाणे' या प्रयोगात त्याचा अवशेष उरला आहे.

'नव्या करारा'त 'हॅमर्शिया'चा अर्थ पाप असा स्थिरावला. तेथून लॅटिन आणि पोर्तुगीज भाषांच्या द्वारे ती कल्पना कोकणच्या किनाऱ्यावर आली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त ख्रिस्ती कथा मराठीत सांगितली, तेव्हा 'वैकुंठा'सारखे येथल्या पुराणपरंपरेतील शब्द त्यांनी निःसंकोचपणे स्वीकारले. पुढे 'पाप' हाच शब्द मराठी ख्रिस्ती धर्मभाषेत रूढ झाला. तो धर्मदृष्ट्या योग्यच होता. कारण तेथे चुकलेला नेम परमेश्वराच्या इच्छेचा होता. मात्र या ग्रंथपरंपरेतही एक लक्षणीय भेद टिकून राहिला. प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाने 'ऋण' या अर्थाचा शब्द योजला आहे, तर लूकने त्याच जागी 'हॅमर्शिया'चा उपयोग केला आहे. चुकणे आणि देणे राहणे या दोन कल्पनांचा हा शेजार पुढे मराठीतही भेटतो.

मराठी पर्यायांची छाननी

आता मराठीत योजल्या जाणाऱ्या शब्दांकडे वळू.

'दोष' हा शब्द 'दुष्' म्हणजे बिघडणे या धातूपासून आला. दोष वस्तूत असतो, शरीरात असतो, काव्यात असतो. आयुर्वेदातील त्रिदोष आणि अलंकारशास्त्रातील काव्यदोष ही त्याची सुपरिचित उदाहरणे. दोष 'असतो', तो एखाद्या विवक्षित क्षणी 'घडत' नाही. त्यामुळे हा शब्द कृतीचा वाचक न राहता स्थितीचा वाचक होतो. 'स्वभावदोष' या समासात तर कृतीचा उल्लेखही राहत नाही.

'प्रमाद' हा 'मद्' धातूपासून आला. 'मद' आणि 'मद्य' हे शब्द त्याच कुळातले. सावधपणा सुटणे, कर्तव्याचा विसर पडणे हा त्याचा गाभा आहे. योगसूत्रांत चित्तविक्षेपाच्या कारणांमध्ये संशय आणि आलस्य यांच्या बरोबरीने प्रमादाची गणना केली आहे. म्हणजे येथे बेसावधपणा गृहीत आहे. परंतु ईडिपस बेसावध नव्हता. भविष्यवाणी टाळण्यासाठीच तो घर सोडून निघाला होता. पूर्ण सावधपणे केलेली चूक 'प्रमाद' या शब्दात मावत नाही.

'स्खलन' म्हणजे पाय घसरणे, 'पातक' म्हणजे खाली पाडणारे. दोन्हींत पडण्याचे चित्र आहे, पण नेमाचे नाही. शिवाय आधुनिक मराठीत 'स्खलन' या शब्दाला नैतिक, त्यातही स्त्रीपुरुषसंबंधांच्या संदर्भातील अर्थच्छटा चिकटली आहे.

'अपराध' या शब्दाची कथा मात्र विलक्षण आहे. 'राध्' म्हणजे सिद्धीस जाणे. 'अप' हा उपसर्ग लागून झालेल्या धातूचा संस्कृतातील एक जुना अर्थ लक्ष्य चुकणे असा आहे. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धरासाठी अमरकोशात 'अपराद्धपृषत्क' हा शब्द दिला आहे. ग्रीक आणि हिब्रू शब्दांप्रमाणेच या संस्कृत शब्दाच्या मुळाशीही सुटलेला बाण आहे. परंतु आजच्या मराठीत 'अपराध' म्हटल्यावर बाण कोणालाच आठवत नाही. आठवते ते न्यायालय. फारसीत पाप या अर्थाचा असलेला 'गुनाह' मराठीत 'गुन्हा' होऊन थेट दंडसंहितेत जाऊन बसला, त्याचीही दिशा हीच. चुकण्याचे शब्द काळाच्या ओघात दूषणाचे शब्द होतात, असा हा सार्वत्रिक कल दिसतो.

या पार्श्वभूमीवर 'चूक' हा शब्द वेगळा ठरतो. त्याला संस्कृत धातूचा आधार सांगता येत नाही. हेमचंद्राने बाराव्या शतकात रचलेल्या प्राकृत व्याकरणात 'भ्रंश्' या धातूच्या जागी येणाऱ्या देशी धातूंची यादी दिली आहे. तीत 'चुक्क' आणि 'भुल्ल' हे दोन्ही शेजारी शेजारी आहेत. मराठीतील 'चूक' आणि 'भूल' ही जोडी इतकी जुनी आहे. पुढे मराठीने दोघांची कामे वाटून दिली. 'भूल' मोहाकडे वळली, इतकी की शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला दिली जाते तीही भूलच. आणि 'चूक' नेमाकडे राहिली.

'चुकणे' या क्रियापदाचे व्याकरण

ग्रीक शब्दातला जो अर्थ हळूहळू मागे पडला तो मराठी 'चुकणे'त आजही जिवंत आहे. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते, वेळ चुकते, काळजाचा ठोका चुकतो. या कोणत्याही प्रयोगात पापाचा स्पर्श नाही. बरोबर लागलेल्या बाणाला आपण 'अचूक' म्हणतो, खंड न पडता केलेल्या कामाला 'न चुकता' केलेले म्हणतो. चुकला फकीर मशिदीत सापडतो, म्हणजे चुकलेल्याला परतण्याची जागा आहे, असेही भाषा सुचविते. आणि दोन माणसे एकमेकांना शोधत असूनही त्यांची भेट होत नाही, तेव्हा आपण 'चुकामूक झाली' असे म्हणतो. या शब्दात चुकणारा कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही.

वाक्यरचनेचा विचार केल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 'मी पाप केले', 'त्याने गुन्हा केला' या वाक्यांत कर्ता ठळक आहे. 'माझे चुकले' या वाक्यात मात्र क्रियापद नपुंसकलिंगी आहे आणि 'मी'ला कर्त्याची जागा न मिळता षष्ठीची मिळाली आहे. चुकले ते माझे आहे. ते मी नाकारत नाही. पण ते मी ठरवून केले असेही नाही. जबाबदारी स्वीकारणे आणि हेतू नाकारणे या दोन्ही गोष्टी हे दोन शब्दांचे वाक्य एकाच वेळी करते. ॲरिस्टॉटलने दुर्दैव आणि अन्याय यांच्यामध्ये जी कोटी आखली, तिचे इतके नेमके व्याकरण अन्य पर्यायांपैकी एकाकडेही नाही.

'चुकणे'चा तिसरा पैलू देण्याघेण्याचा आहे. 'बाकी चुकती केली', 'हिशेब चुकता केला' या प्रयोगांत चुकविणे म्हणजे फेडणे होय. 'कर चुकविला' यात ते टाळणे होय. गिरगावातील असो वा अन्य गावातील, जुन्या मराठी दुकानाच्या बिलाखाली छापलेले 'चू. भू. दे. घे.' हे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. चूकभूल देणे घेणे. या व्यापारी संकेतात चूक एका पक्षाची राहत नाही. ती कोणाकडूनही होणार हे आधीच मान्य केलेले असते आणि ती दोघांनी मिळून दुरुस्त करावयाची असते. मत्तयाच्या आणि लूकच्या शब्दांतून दिसणारा चूक आणि ऋण यांचा शेजार मराठीच्या दैनंदिन व्यवहारात असा सहज सामावलेला आहे.

तीन नाटकांचा विचार

पर्यायाची खरी परीक्षा वाचनात होते. म्हणून येथे तीन नाटकांचा विचार केला आहे.

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आले. सुधाकरच्या शोकांताचे कारण म्हणून मद्यासक्तीचा 'दोष' सांगण्याची प्रथा आहे. परंतु सुधाकर पहिला प्याला घेतो तेव्हा तो आसक्त नसतो. न्यायालयातील अपमानाने आणि वकिलीची सनद स्थगित झाल्याने त्याचा स्वाभिमान दुखावलेला असतो. तळीराम त्याला विसराचा उपाय सांगतो. त्याचे लक्ष्य मद्य नसून मनःशांती आहे. तिचा नेम धरून त्याने हात पुढे केला आणि तो भलतीकडे गेला. ही चूक होय. त्यानंतरची अवस्था, ज्यात सावधपणाच उरत नाही, ती व्युत्पत्तीने आणि अर्थानेही प्रमादाची आहे. आणि पोटच्या बालकाच्या मृत्यूपर्यंत पोचणारे अखेरचे कृत्य गुन्ह्याच्या कक्षेत जाते. म्हणजे चूक, प्रमाद आणि गुन्हा हे या नाटकातील नायकाच्या अधःपाताचे तीन टप्पे आहेत. हे तिन्ही शब्द समानार्थी मानणारी समीक्षा नाटकाची गतीच पुसून टाकते. शीर्षकातील 'एकच' या शब्दाचे वजनही तेव्हाच कळते. दोषाला संख्या नसते, चुकीला असते.

वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट' (१९७०) या नाटकातील अप्पासाहेब बेलवलकर निवृत्त होताना आपले सर्वस्व मुलामुलीला वाटून टाकतात. भोळेपणा, अहंकार किंवा भावनाविवशता असे दोष त्यांच्या माथी मारणे सोपे आहे. पण मग मुलांची कृतघ्नता ही त्या दोषांची योग्य शिक्षा ठरू लागते, आणि प्रेक्षकाच्या करुणेला आधार उरत नाही. याउलट 'त्यांचा नेम कशावर होता?' असे विचारले तर चित्र पालटते. रंगमंचावरून योग्य क्षणी निघून जाणे ही नटाची सिद्धी असते. तीच सिद्धी संसारात साधावी, मालकाची भूमिका उतरवून केवळ बाप म्हणून उरावे, हे त्यांचे लक्ष्य होते. घरात मात्र भूमिका उतरविलेल्या माणसाला जागा उरत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. आयुष्यभर ज्यांची वेळ चुकली नाही त्यांची ती येथे चुकली. पुढे मुलीच्या घरी त्यांच्यावर येणारा चोरीचा आळ निराधार असतो. तेथे चुकते ती मुलगी. बाप आणि मुलगी दोघांनाही एकमेकांची माया हवी असताना ती हाती लागत नाही. या नात्याला 'चुकामूक' हाच शब्द योग्य वाटतो.

तिसरे नाटक विजय तेंडुलकरांचे. गिरगावात जन्मलेल्या (१९२८) या नाटककाराच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात शब्दांची अदलाबदल हाच संघर्षाचा विषय झाला आहे. लीला बेणारे हिच्या आयुष्यात नेम दोनदा चुकला. अजाण वयात मामावर आणि पुढे प्राध्यापक दामले यांच्यावर तिने प्रेम केले. दोघेही ऐन वेळी मागे सरले. लक्ष्य प्रेमाचे होते, ते अपात्री ठरले. परंतु तिच्याभोवती जमलेली सुखवस्तू मंडळी खेळाच्या निमित्ताने तिच्यावर भ्रूणहत्येचा 'आरोप' ठेवतात, साक्षी काढतात, आणि अखेरीस तिच्या गर्भाचा नाश झाला पाहिजे असा निकाल देतात. ज्या कृत्याचा आरोप, त्याच कृत्याची शिक्षा, ही विसंगती कोणाच्याही लक्षात येत नाही. एका स्त्रीच्या चुकीला 'पाप' आणि 'गुन्हा' ही नावे देण्याचा अधिकार समाज कसा बळकावतो, हे येथे दिसते. या नाटकाच्या समीक्षेत बेणारेचा 'स्वभावदोष' शोधू लागणारा समीक्षक नकळत काशीकर आणि सुखात्मे यांच्या शेजारी जाऊन बसतो.

काही आक्षेप

या प्रतिपादनावर तीन आक्षेप घेता येतील.

पहिला असा की, 'चूक' हा शब्द फार हलका आहे. बेरजेची चूक, शुद्धलेखनाची चूक आणि ईडिपसची चूक यांना एकच शब्द कसा पुरावा? याचे उत्तर असे की, मूळ ग्रीक शब्दही असाच रोजच्या वापरातला होता. गरज भासली तेथे ॲरिस्टॉटलने त्याला 'मोठी' हे विशेषण लावले आहे. शिवाय कृती लहान आणि परिणाम प्रचंड, ही विषमताच शोकात्म अनुभवाच्या मुळाशी असते. शब्द जड केला की ती विषमता नाहीशी होते.

दुसरा आक्षेप परिभाषेच्या प्रतिष्ठेचा आहे. शास्त्रीय संज्ञा संस्कृतोद्भव असावी असा संकेत आपल्याकडे दृढ आहे. परंतु प्रतिष्ठेसाठी अर्थाचा बळी देणे शास्त्राला शोभत नाही. हवे असल्यास 'शोकात्म चूक' असा प्रयोग करता येईल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'चूक झाली' या शब्दांचा आसरा घेऊन जबाबदारी झटकण्याची रीत सार्वजनिक जीवनात सर्रास आढळते. जाणूनबुजून केलेल्या अन्यायालाही मग चुकीचे सौम्य नाव मिळते. हा धोका खरा आहे. पण त्यावरचा उपाय 'चूक' हा शब्द टाकून देणे हा नव्हे. गुन्ह्याला चूक म्हणणे आणि चुकीला गुन्हा म्हणणे ही एकाच गोंधळाची दोन रूपे आहेत. पहिल्यात बळी पडलेल्यावर अन्याय होतो, दुसऱ्यात बेणारेवर. कोट्या नीट वेगळ्या ठेवल्या तरच दोन्ही टळतील.

निष्कर्ष

१. 'हॅमर्शिया' या संज्ञेचा गाभा लक्ष्य चुकणे हा असून तो कृतीशी निगडित आहे. 'दोष' व 'स्वभावदोष' हे पर्याय तो स्थितीकडे वळवितात आणि म्हणून अपुरे आहेत.

२. ग्रीक, हिब्रू, अरबी आणि संस्कृत या चारही भाषांत चुकण्याचा शब्द दूषणाच्या अर्थापर्यंत गेलेला दिसतो. मराठी 'चुकणे'त मूळ अर्थ आजही प्रयोगात असल्याने, या संज्ञेचा अर्थ समजावून देण्याची आपल्या भाषेची क्षमता इंग्रजीपेक्षा उणी नाही, उलट अधिकच आहे.

३. 'माझे चुकले' ही रचना आणि 'चूकभूल देणे घेणे' हा संकेत यांतून जबाबदारी, अहेतुकता आणि परस्परांनी करावयाची दुरुस्ती या तीन गोष्टी एकत्र व्यक्त होतात. करुणेची जी अपेक्षा ॲरिस्टॉटल शोकात्मिकेकडून करतो, तिला पोषक अशी ही जाणीव आहे.

४. 'प्रमाद', 'पातक', 'गुन्हा' हे शब्द त्याज्य नाहीत. 'एकच प्याला'सारख्या नाटकात नायकाच्या प्रवासाचे टप्पे दाखविण्यासाठी ते आवश्यकच आहेत. मात्र एकाच्या जागी दुसरा वापरता येणार नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य सूचना करता येईल. 'अमुक नायकाच्या स्वभावातील दोष स्पष्ट करा' हा प्रश्न परीक्षांतून सातत्याने विचारला जातो. त्याऐवजी 'या नायकाचे लक्ष्य काय होते आणि ते कोठे चुकले, हे स्पष्ट करा' असा प्रश्न विचारावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना विद्यार्थ्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसावे लागते. दुसऱ्याचे लिहिताना त्याला त्या माणसाच्या शेजारी उभे राहून, तो जेथे पाहत होता तेथे पाहावे लागते.